कचरा टाकणाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकावा का?

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ६१, पोस्टातून निवृत्त आणि गेल्या वर्षापासून ६४ फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे कांस आहे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी उघडी नाली. कचऱ्याच्या पिशव्या भिंतीवरून तिथे जाऊन पडतात. सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी प्रत्येक विंगखाली ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवले, जिन्यांत इंग्रजीत सूचना लावल्या, चुकीच्या डब्यात टाकणाऱ्याला अडवायला वॉचमनला सांगितलं. तरी दोन्ही डब्यांत सगळं एकत्रच, आणि भिंतीमागच्या पिशव्या वाढल्या. शेवटी त्या पिशव्या टाकणाऱ्यांचे फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागल्या. त्यातल्या एका फोटोत पहिल्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीकडची कामवाली होती. वीस वर्षं जिच्याशी वाटीची देवघेव, ती शेजारीण आता तोंड फिरवून जाते. लोक म्हणतात, "गाडीवाला सगळं एकातच ओततो, मग आम्ही वेगळं कशाला करायचं?" यजमान म्हणतात, "सोड ते सेक्रेटरीपद." या ताईंचा प्रश्न असा: कॅमेरा बसवून दंड सुरू करू, की राजीनामा देऊ? आणि आपल्या लोकांना अक्कल कधी येणार?

ताई,

कॅमेऱ्याचं आधी सांगते: आत्ता नको. आणि ग्रुपवर फोटो टाकणं आजपासूनच थांबवा.

फोटो पाहून लोक शरमतील असा तुमचा हिशेब होता. पण शरमतो तो एकटाच, ज्याचा फोटो असतो, आणि त्यालाही शरमेपेक्षा राग जास्त येतो. बाकीची ६३ घरं त्या फोटोंमधून निराळीच गोष्ट वाचतात. काल बी विंग, आज सी विंग, परवा कुणाचा तरी मुलगा. म्हणजे इथे सगळेच टाकतात, मग मी एकट्यानं न टाकून काय होणार?

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे तिथे विखुरलेले असतात आणि येणारे-जाणारे ते खिशात घालून नेतात. रॉबर्ट सिआल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीवर लिहिलं होतं की आजवर कितीतरी लोकांनी इथून तुकडे नेले आणि त्यामुळे या जंगलाचं रूप पालटलं. दुसरीवर एवढंच, की कृपया तुकडे नेऊ नका. खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्या पाटीच्या वाटेवरून सुमारे ८ टक्के गेले, दुसरीच्या वाटेवरून २ टक्क्यांहूनही कमी. 'बघा किती लोक करतात' असं सांगणं म्हणजे नकळत परवानगी देणं. तुमच्या ग्रुपवर सध्या तेच चाललं आहे.

ग्रुप बंद करू नका, त्यावर जे खरोखर घडलं आणि चांगलं घडलं तेवढंच टाका. 'आज ए विंगमधून दोन पोती सुका कचरा भंगारात गेला.' एवढंसं वाक्य पुरे. नाव नाही, शाबासकी नाही, हात जोडलेली चित्रं नाहीत. आकडा वाढवूनही सांगू नका. सोसायटीत अशी गोष्ट दोन दिवसांत उघडी पडते आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता 'अक्कल'कडे येते. हे वाक्य मला खूप पत्रांत भेटतं आणि लिहिणारी माणसं तळमळीचीच असतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. तुमच्या वयाच्या बडोदेकरांना १९९४चा सप्टेंबर आठवत असेल. सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, की सुरतेच्या लोकांना घाणीचं काही वाटतच नाही. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर पाठवलं, कचरा रोजच्या रोज उचलला जाईल हे पाहिलं, रात्री रस्ते झाडायला सुरुवात केली, आणि मग घाण करणाऱ्या हॉटेलांना-दुकानांना दंड केला. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. तेवढ्या काळात लोक बदलले नव्हते. जे काल रस्त्यावर टाकत होते, तेच आज टाकत नव्हते. इंदूरचंही तसंच. २०१७पासून ते स्वच्छ सर्वेक्षणात सलग कितीतरी वर्षं पहिलं आलं, पण तिथेही घरोघरी गाडी पाठवण्याचा प्रयोग आधी दोन वॉर्डांत करून पाहिला, मग ८५ वॉर्डांत नेला. रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटल्या त्या गाडी रोज दाराशी येऊ लागली म्हणून. दंड दोन्ही शहरांत झाला, नाही असं नाही. पण आधी सोय, मग दंड हा क्रम कुणी उलटा केला नाही.

तुमच्या सोसायटीतल्या कुठल्याही जुन्या घराच्या स्वयंपाकघरात डोकावा. दुधाची पिशवी कोपऱ्यातून अशी कापलेली असते की तो तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. मग ती धुऊन ओट्याच्या टाइलवर चिकटवलेली दिसेल, वाळली की खाली घसरते. अशा वाळलेल्या पिशव्या एका पिशवीत दाबून भरलेल्या, दाराआड पस्तीचा, म्हणजे रद्दीचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला, तेलाचा रिकामा डबा उपडा घालून ठेवलेला. पुनर्वापराचं इतकं नेटकं काम जी बाई कुणी न सांगता करते, तीच कधी कधी कचऱ्याची दुसरी पिशवी भिंतीवरून जाऊ देते. तिला अक्कल नाही असं कसं म्हणायचं? पस्तीला भाव आहे, ती घ्यायला येणारा ओळखीचा आहे, तो यायच्या वेळेला हाक ऐकू येते, आणि तोवर ती ठेवायला दाराआड जागा आहे. दुसऱ्या पिशवीला यातलं काहीच नाही. ती वास मारते आणि तिला घरातून लवकरात लवकर काढायचं असतं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. डबे ठेवल्यावर, वॉचमन अडवायला लागल्यावर भिंतीमागच्या पिशव्या वाढल्या, असं तुम्ही लिहिलं आहे. हे दोन्ही एकमेकांशी जोडून पाहिलंत का? पिशवी खाली कोण आणतं ते बघा. बहुतेक घरांत कामवाली आणते. घरात कचरा वेगळा केलेला नसतो, वेगळा करायचा की नाही हे ठरवणं तिच्या हातात नसतं, आणि खाली आल्यावर वॉचमन तिलाच ओरडतो. सूचना इंग्रजीत. तिला पुढची तीन घरं उरकायची असतात. मागच्या भिंतीपाशी ओरडायला कुणी नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तिकडेच गेले असते.

ही माझी अटकळ आहे, ती पडताळून पाहा. एक दिवस सकाळी सात ते बारा गेटजवळ खुर्ची टाकून बसा. वही असू द्या, फोन नको. कॉर्पोरेशनची गाडी किती वाजता येते आणि किती वेळ थांबते, त्या वेळी किती घरं उठून तयार असतात, कामवाल्या किती वाजता येतात आणि जाताना पिशवी कुठे नेतात, डबे किती वाजता भरून वाहू लागतात, सारं टिपा. माझ्या माहितीतल्या बऱ्याच सोसायट्यांत गाडी आठला येऊन जाते आणि कामवाली दहा-साडेदहाला कचरा खाली आणते. मधले सुमारे २२ तास त्या पिशवीला हक्काची जागा नसते. तुमच्याकडेही असंच निघालं, तर उपाय वॉचमननं ओरडण्यात नाही. झाकणाचा मोठा डबा, तो रोज धुणारा माणूस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपर्यंत डबा नेणारा माणूस, एवढ्याची सोय करण्यात आहे. त्याला महिन्याला जो पगार लागेल तो ६४ घरांत वाटला तर किती कमी पडतो, हे सभेत मांडा.

भिंतीमागच्या पिशव्यांत काय आहे, हेही एकदा हातमोजे घालून पाहायला हवं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण याबद्दल सभेत कुणी बोलणार नाही. त्यांतल्या बऱ्याच पिशव्या सॅनिटरी पॅडच्या आणि डायपरच्या निघतील. वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घट्ट गाठ मारून, अंधारात टाकलेल्या. जिथे वॉचमन पिशवी उघडून बघतो, त्या डब्यात कुठली मुलगी हे टाकेल? घनकचरा नियमांनुसार असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा असतो. प्रत्येक विंगच्या जिन्याखाली पायानं उघडणारा एक झाकणाचा डबा ठेवा, वर्तमानपत्राच्या पुडीवर लाल ठिपका काढायला सांगा आणि वॉचमनला बजावा की त्या डब्याजवळ कुणाला काही विचारायचं नाही. हे सांगायला बायकांची वेगळी बैठक घ्या. पुरुषांना त्या दिवशी बोलावलं नाही तरी चालेल.

आता गाडीवाल्याचं. 'तो सगळं एकातच ओततो' ही तक्रार बहाणा समजू नका. माणसानं घरी कांद्याची सालं आणि प्लास्टिक वेगळं करावं आणि डोळ्यांदेखत ते एकत्र ओतलेलं पाहावं, तर त्याचा उत्साह मरणारच. तुम्ही सेक्रेटरी म्हणून दोन गोष्टी करू शकता. कॉर्पोरेशनकडे लेखी तक्रार हवीच. सोसायटीच्या लेटरहेडवर, गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून, वॉर्ड ऑफिसात देऊन पोचपावती घ्या. तोंडी तक्रारीला कुणाच्या वहीत जागा मिळत नाही. पण त्या उत्तराची वाट पाहत बसू नका, कारण दुसरी गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे: जे गाडीला दिलंच नाही, ते गाडीवाला मिसळू शकत नाही. सुका कचरा सोसायटीतच अडवायचा आणि भंगारवाल्याला द्यायचा. गाडीत जाईल ते फक्त ओलं आणि खरोखर टाकाऊ.

भंगारवाल्याशी बोलताना त्याला उपकाराच्या सुरात बोलावू नका. आपल्या देशात जो काही पुनर्वापर होतो, तो बहुतांश त्याच्या हातगाडीवर आणि कचरावेचक बायकांच्या पाठीवर होतो. पुण्यात याच बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. तुमच्या भंगारवाल्याला विचारा, तू काय घेतोस, काय घेत नाहीस, आणि आठवड्यात कुठल्या वारी ठरावीक वेळेला येशील? भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, वार चुकता कामा नये.

तो काय घेईल याचा साधारण अंदाज देते, म्हणजे सूचना लिहायला सोपं जाईल. पाण्याच्या-सरबताच्या बाटल्या, तेलाचे आणि शाम्पूचे डबे, दुधाच्या पिशव्या, कोरडा कागद, पुठ्ठा, पत्रा, ॲल्युमिनियम हे सगळं जातं. ॲल्युमिनियमचं तर मुद्दाम सांगावं असं आहे. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जेत ते भंगारातून होतं. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते, पण वजनाच्या मानानं भाव कमी, म्हणून भंगारवाले कुरकुर करतात. महिन्यातून एकदा एकत्र साठवून दिली तर नेतात. फुटलेली काच मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लिहून द्या, ती उचलणारा हात कुणाचा तरी असतो. वेफर्स-बिस्किटांची आतून चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल आणि कागदी कप हे सहसा कुणी घेत नाही. कागदी कप कागदाचा दिसतो, पण आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो ना पस्तीत जातो ना खतात. आणि भिजलेला कागद हा कचराच, मग तो कितीही चांगला असो. ओल्या-सुक्याचा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे. डाळीचं पाणी सांडलं की अख्ख्या पिशवीतल्या पुठ्ठ्याची किंमत शून्य होते. डबे-बाटल्या घासत बसायला नकोत, भांडी धुतल्यावरच्या शेवटच्या पाण्यात एकदा हिसळलं की पुरे.

जुन्या बॅटऱ्या, मोबाइलचे चार्जर, गेलेले बल्ब-ट्यूब, मुदत संपलेली औषधं यांचा एक खोका सोसायटीच्या ऑफिसात ठेवा आणि भरला की औषधं कॉर्पोरेशनकडे आणि बाकीचं कॉर्पोरेशनकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

भंगाराचे पैसे कुणाचे, हा प्रश्न आधी मिटवा, नाहीतर त्यावरून भांडण होईल. ज्या घरात पस्तीचे आणि दुधाच्या पिशव्यांचे पैसे गृहिणी घेते, त्या पैशांना हात लावू नका. कितीतरी बायकांची तेवढीच एक बिनहिशेबी कमाई असते. सोसायटीनं फक्त जे आजवर कचऱ्यात जात होतं तेवढंच गोळा करावं, आणि त्याचे पैसे जी माणसं कचरा हाताळतात त्यांच्यात वाटावेत. कामवाल्या, झाडूवाला, डबे नेणारा. वाटणी वॉचमनच्या नाही, त्यांच्या समोर व्हावी. पिशवी खाली आणणाऱ्या बाईला सुक्या कचऱ्यातून चार पैसे मिळणार असतील, तर घरमालकिणीला 'बेन, वेगळं ठेवा ना' असं तीच सांगेल, आणि ते तुमच्या सूचनेपेक्षा जास्त ऐकलं जाईल. सूचना मात्र बदला. गुजराती आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली चित्रं. कुठल्या डब्यात काय, ते न वाचता कळलं पाहिजे.

ओल्या कचऱ्याचं खत करावं का? कराच, पण ६४ घरांचं एकदम नको. ज्यांना मनापासून हवं आहे अशी चार-पाच घरं घ्या. भोकं पाडलेली दोन पिंपं, तळाला काड्या-करवंट्या, मग ओल्या कचऱ्याचा एक थर आणि त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पालापाचोळा. सुरुवातीला आंबट ताक किंवा जुनं खत शिंपडायचं, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. वास आला तर ओल जास्त झाली, पाचोळा वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास येणारं काळं खत होतं. पिंपं भरून वाहिली आणि पहिल्याच महिन्यात शेजारच्या विंगला चिलटांचा त्रास झाला, तर पुढची पाच वर्षं खताचं नाव कुणी काढू देणार नाही, म्हणून ढवळायला पक्का माणूस मिळाल्याशिवाय हे सुरूच करू नका. तुमच्याकडे माळी असेल तर आधी त्याला पाला जाळण्यापासून थांबवा. नियमांनी कचरा जाळायला बंदी आहेच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब-पिंपळाचा जो पाला तो जाळतो, तोच खताला वर्षभर लागतो. पोत्यांत भरून ठेवा.

गणपती, नवरात्र, कोजागरी यांत सेव-उसळ नि चहा असतोच आणि दुसऱ्या दिवशी सगळं आवार कपांनी भरलेलं असतं. सोसायटीच्या पैशातून १०० स्टीलच्या ताटल्या आणि तेवढेच पेले घेऊन टाका. कपाटाची किल्ली तुमच्याकडे, धुणाऱ्या बाईला वेगळे पैसे. प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले यांच्यावर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, हे आयोजकांना आठवण म्हणून सांगा, धमकी म्हणून नको.

आता भिंतीमागची जागा. तिथे पाटी लावण्याआधी ती जागा साफ झाली पाहिजे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. सायकली लावायच्या गल्लीत प्रत्येक सायकलच्या हँडलला एक कागदी पत्रक अडकवलं. जवळपास कचरापेटी नव्हती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं. त्याच भिंतीवर रंगानं खरडून ठेवलं, तेव्हा ६९ टक्के लोकांनी टाकलं. बाकी काही बदललं नव्हतं. घाण दिसली की घाण करणं सोपं जातं. तेव्हा कॉर्पोरेशनला आणखी एक अर्ज करा की कांसेतला आणि काठावरचा कचरा पावसाळ्याआधी उचला, आणि ज्या दिवशी उचलला त्याच संध्याकाळी तिथे एक झगझगीत दिवा लावा. नंतर पहिली पिशवी पडेल तेव्हा ती दुसरीची वाट न पाहता सकाळीच उचलली जायला हवी. पहिले दोन महिने यातच जातील आणि हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला दिसत नाही.

ऑगस्ट २०२४चा पूर तुम्ही पाहिला आहे. अकोटा, समा, फतेगंज, कुठे कुठे पाणी शिरलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पूर काही तुमच्या सोसायटीच्या पिशव्यांमुळे आला नाही. अतोनात पाऊस, आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदीच्या पात्राशेजारची बांधकामं ही त्याची मोठी कारणं आहेत. सभेत असं म्हणून कुणाला घाबरवू नका, लोक लगेच ओळखतात. पण तुंबलेल्या मोरीचं पाणी आधी ज्याच्या दारात येतं, तो तळमजला तुमच्याच सोसायटीतला असतो, हे खरं आहे. भूखीसारख्या कांसा विश्वामित्रीला मिळतात, विश्वामित्री ढाढर नदीला आणि ढाढर खंभातच्या आखाताला. ज्या नदीत आजही शहराच्या मधोमध मगरी राहतात, तिच्यात आपली पिशवी जाते, हे मुलांना सांगा. मोठ्यांपेक्षा ती जास्त मनावर घेतात.

दंड कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. डबे सोयीचे झाले, भंगारवाला ठरल्या वारी यायला लागला, सूचना वाचता येण्याजोग्या झाल्या, आणि तरीही एखादं घर मुद्दाम भिंतीवरून टाकत राहिलं, तर सर्वसाधारण सभेत ठराव करून दंड ठेवा. तो घरमालकाला, कामवालीला नव्हे. पावती बंद पाकिटात, ग्रुपवर नाव नाही. कमिटीतल्या माणसाचं घर सापडलं तर पहिली पावती त्याची. कॅमेरा मात्र चोरीसाठी गेटवर ठेवा. जिथे बायका पॅडची पुडी घेऊन येतात त्या डब्यावर तो रोखू नका.

हे सगळं लिहून झालं तरी मनात राहते ती तुमची शेजारीण. खरं तर तुमच्या पत्राचा अर्धा भाग तिच्याबद्दलच आहे, कचऱ्याबद्दल नाही. कॅमेरा लावू की राजीनामा देऊ, या दोन्हीत तुम्ही तिच्या दारापर्यंत जाणं टाळताय, असं मला वाटलं. जा. फोन घरी ठेवून जा, दुपारी चारच्या चहाच्या वेळेला. 'बेन, फोटो टाकायला नको होता, तो मी ग्रुपवर टाकला हे चुकलं' एवढंच म्हणा. 'पण पिशवी तर तुमच्याकडचीच होती' हे पुढे जोडू नका, ते तिलाही ठाऊक आहे. तिनं दार उघडलं नाही किंवा गार बोलली, तर आठ दिवसांनी पुन्हा जा. वीस वर्षांचं येणं-जाणं एका फोटोनं संपत नाही, पण ते कुणीतरी पहिलं पाऊल टाकल्याशिवाय सुरूही होत नाही, आणि फोटो तुम्ही टाकला होता.

आणि त्या कामवालीकडेही जा. ६४ घरांच्या फोनवर चेहरा तिचा गेला. त्यातल्या निम्म्या घरांत ती किंवा तिची बहीण कामाला जात असेल. तिचा फोन त्या ग्रुपवर नाही, म्हणून तिला कुणी काही बोललं तर उत्तर द्यायचीही सोय नव्हती. माफी तिचीही मागा, शेजारणीच्या समोर नाही, एकटीला गाठून. मग तिला विचारा, तुला ही पिशवी कुठे ठेवायला सोयीचं पडेल? डबे कुठे ठेवावेत हे सोसायटीत सगळ्यात जास्त तिला कळतं. मी तुमच्या जागी असते तर डब्यांची जागा ठरवायच्या बैठकीला कामवाल्यांपैकी दोघींना बोलावलं असतं आणि खुर्च्यांवर बसवलं असतं.

राजीनामा आत्ता देऊ नका. रागावून दिलेला राजीनामा म्हणजे यजमानांचं म्हणणं खरं झालं आणि शेजारीणही तशीच राहिली. पण एकटीनं हे ओढूही नका. प्रत्येक विंगमधून एक माणूस घ्या, त्यात गुजराती घरातली एखादी सून आणि कॉलेजात जाणारा एखादा मुलगा असू द्या, आणि भंगारवाल्याचा वार, पिंपांचं ढवळणं, वॉर्ड ऑफिसचे अर्ज ही कामं वाटून टाका. पुढच्या सर्वसाधारण सभेत सांगा की सेक्रेटरीपद तुम्ही आणखी एकच वर्ष सांभाळाल आणि त्या वर्षात हे काम ज्याच्या हाती द्यायचं तो माणूस तयार कराल. यजमानांना त्या चार-पाच घरांच्या खताच्या पिंपाचं काम द्या. निवृत्त माणसाला ते जमतं, आणि मग 'सोड ते' म्हणायला त्यांना सवड राहणार नाही.